मुलाकडची गांडुळे

नागपूर,
५ जुलै २०२५

श्री. रघुरामराव यांस,
सा. न. वि. वि.

परवा आपण फोनवर पंधरा मिनिटे बोललो. त्यातले तुमचे ‘होय, होय’ एवढेच मला कळले, आणि माझा गिरीश म्हणतो की माझे तुम्हाला तेवढेही कळले नसावे. तुमचे मराठी तीनशे वर्षे तमिळ मुलखात राहिलेले, आणि माझे कधी वर्ध्याच्या पुढे गेले नाही. म्हणून यापुढे पत्रच बरे. कागदावर आपण दोघेही शहाणे दिसतो.

गिरीशबरोबर पाठवलेला निळा टब पोचला ना? त्यात माझ्या गच्चीवरची दोनशे गांडुळे आहेत. आता ती का पाठवली, ते स्पष्टच लिहिते. तुमची नंदिता, माझी सून, डिसेंबरात बाळंत होईल. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत मला मान्य आहे. पण तुमचे तंजावूर मी पाहिलेले नाही. तुमची गाठ पडली ती लग्नाच्या दोन दिवसांत, आणि त्या दोन दिवसांत तुम्ही मी म्हणेन त्याला हो म्हणालात. मांडव लहान आहे म्हटले, हो. मुहूर्त टळला म्हटले, हो. सगळ्याला हो म्हणणाऱ्या माणसाची मला भीती वाटते.

मी छत्तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले. माणूस तोंडदेखले बोलतो, गांडूळ बोलत नाही. त्याला काय हवे, काय नको, ते घरातल्या माणसाला लक्ष देऊन ओळखावे लागते. बाळंतिणीचेही तेच. नवरात्रापर्यंत ही गांडुळे तुमच्याकडे सुखाने नांदली, तर घटस्थापनेआधी नंदिताला पाठवते. नाहीतर इथे दवाखाना घरापासून चार मिनिटांवर आहे.

मंगलाताईंना नमस्कार. लोभ आहेच, तो गांडुळांवरही असावा.

आपली,
कुमुद वऱ्हाडपांडे

*

मेल वीथी, तंजावूर,
१६ जुलै २०२५

श्रीमती कुमुदताई विहीणबाई यांसी,
कृतानेक सा. न. वि. वि.

आपले पत्र पावले. वाचून परम संतोष झाला. आपण लिहिले ते सर्व योग्यच आहे. होय.

टब मागच्या ओसरीवर सावलीत ठेवला आहे. खाली चार विटा, आणि प्रत्येक विटेखाली पाणी भरलेली बशी, म्हणजे मुंग्या चढणार नाहीत. मी पस्तीस वर्षे सर्व्हे खात्यात जमिनी मोजल्या, तेव्हा टब चारी बाजूंनी समपातळीत आहे याची आपण खात्री बाळगावी. आत तमिळ वर्तमानपत्राच्या ओल्या पट्ट्या आणि नारळाचा काथ्या अंथरला आहे. राजकारणाची पाने तेवढी काढून टाकली.

आमच्या घराण्यात मुलाकडून कोणीही आले, तरी त्याला आधी वाढून मग यजमानाने बसायचे, असा नेम आहे. ही मंडळी तर आपल्या हातची. म्हणून रोज अकरा वाजता केळीच्या पानाच्या तुकड्यावर केळ्याची साल, दुधी-भोपळ्याची साले आणि कॉफीचा चोथा असे वाढून, पान आत सोडून, झाकण लावून मी बाहेर उभा राहतो. साडेअकराला माझे पान मांडले जाते. मंगला म्हणते की मुलाकडच्यांनी आपल्याला इतके कधी उभे केले नव्हते. ती थट्टा करते, आपण मनावर घेऊ नये.

एक विनंती आहे. मंडळी कुरकुर करीत नाहीत, पण अंगाने भरल्यासारखीही दिसत नाहीत. त्यांना आपल्याकडे विशेष आवडीचे असे काही मिळत असेल तर निःसंकोच कळवावे. येथे कसलीही उणीव पडू दिली जाणार नाही. नंदिताची खोली रंगवून घेतली आहे. तिची आई रोज ती खोली झाडते आणि रोज त्यात काहीच नसते.

कृपा वाढती ठेवावी ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
रघुराम राव

*

नागपूर,
२५ जुलै २०२५

श्री. रघुरामराव यांस,
सा. न. वि. वि.

पान मांडता तर मांडा, ती पानही खातील. पण बाहेर उभे राहू नका, त्यांना लाज वाटत नाही.

नीट ऐका. टबातला ओलावा पिळलेल्या फडक्याइतका असावा, त्याहून जास्त नको. हाताला उबट लागले तर खाणे कमी करा. वास मातीचा आला तर सगळे ठीक, आंबूस आला तर तुमचे काहीतरी चुकले. मीठ, आंबट, तेलकट आणि तिखट, या चारातले काहीही आत जाता कामा नये. लिंबाची सालसुद्धा नाही.

आवडीचे विचारलेत म्हणून सांगते. रोज थोडा सांबार घालत जा. शिळा झाला तरी चालतो. आमच्याकडे उरलेला सगळा त्यांनाच जातो, आणि महिनाभरात अंगावर कशी चकाकी येते बघा.

नंदिताची तब्येत चांगली आहे. परवा ओसरीवर बसून तिने तुमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराचे नाव मला सांगितले. मी विचारले नव्हते.

लोभ असावा, पाणी कमी असावे.

आपली,
कुमुद वऱ्हाडपांडे

*

तंजावूर,
८ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप सेतुमाधव अण्णांस,
कृ. सा. न. वि. वि.

पापनाशमला तुझी लावणी चालू आहे हे ठाऊक असूनही त्रास देतो. घरात वडील माणूस आता तूच उरलास.

विहीणबाईंचे पत्र आले. त्यांनी गांडुळांना रोज सांबार घालायला सांगितले आहे. वाचून माझे डोळे भरून आले, अण्णा. सांबार या गावात, आपल्या राजांच्या मुदपाकखान्यात जन्मले असे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि इतक्या लांब नागपूरला त्याचा असा मान आहे! तिथे तर ते पुल्लिंगी आहे. त्या ‘सांबार शिळा झाला तरी चालतो’ असे लिहितात. लग्नात मला उगाच राग आला होता. सीमांतपूजनाच्या पंगतीत ‘सांबारवडी’ म्हणून वाढली, वडी आली, आणि सांबार मात्र पान उचलेपर्यंत आले नाही. मुलीकडचा म्हणून मी विचारले नाही. आता कळते की बिचाऱ्यांचे ते गांडुळांकडे गेले असणार.

पण अडचण अशी. त्याच पत्रात, चार ओळी वर, मीठ, आंबट, तेलकट, तिखट काही घालू नये असे आहे. मी दोन दिवस विचार केला आणि दोन्ही आज्ञा पाळता येतील असे सांबार शोधले: चिंच नाही, मिरची नाही, मीठ नाही, फोडणी नाही. मंगलेला सांगितले तेव्हा ती म्हणाली की मग उरते ती उकडलेली तुरीची डाळ, आणि तिला सांबार म्हणणे हा तिच्या आईचा अपमान आहे. तरी बरेच बोलून झाल्यावर तिने मान हलवली, आणि रोज सकाळी एक वाटी काढून देते. मी ती पळीने चारी कोपऱ्यांत सारखी वाढतो.

आज दहावा दिवस. गांडुळे झाकणाकडे चढतात. संध्याकाळी दहा-बारा भिंतीवर असतात, तोंडे सगळ्यांची उत्तरेकडे. मला वाटते त्यांना नागपूरची आठवण येत असावी. सकाळी मात्र टब उघडावा तर सगळी न्हाऊनमाखून बसल्यासारखी स्वच्छ. दुपारनंतर वास आंबूस येतो. विहीणबाई म्हणतात, आंबूस वास आला तर चूक तुमची. पण मी काय चुकतो आहे?

गल्लीत बोभाटा झाला आहे. समोरचा कल्याणराम सकाळी फाटकातून विचारतो की आज पाहुण्यांना कुठले सांबार, मुळ्याचे की वांग्याचे. भांडी घासणारी राजम म्हणाली की तिच्या घरी सांबार शुक्रवारी एकदा होते, तेव्हा पुढच्या जन्मी नागपूरचे गांडूळ व्हावे.

विहीणबाईंना उलट विचारू का? विचारले तर त्यांना वाटेल की त्यांच्या शब्दावर शंका घेतली, आणि मग नंदिता येत नाही. ती आली नाही तर मंगला उघड काही म्हणणार नाही, आणि तेच मला सोसणार नाही.

तुझा,
रघुराम

*

पापनाशम,
१३ ऑगस्ट २०२५

चि. रघुरामास अ. उ. आशीर्वाद.

पन्नास वर्षे शेती करतो. माझ्या शेतात लाखभर गांडुळे असतील. एकालाही आजवर जेवायला बसवलेले नाही, आणि एकानेही मागितलेले नाही.

तरी विहिणीने सांगितले असेल तर घाल. आपण मुलीकडचे. तूप मागतील तर तेही घाल, पण आधी मला कळव, मला बघायला यायचे आहे.

पोरीला आशीर्वाद.

सेतुमाधव

*

तंजावूर,
२९ ऑगस्ट २०२५

चि. सौ. नंदितास अम्माचे अ. आशीर्वाद.

अक्षरे तमिळ आहेत, बोलणे आपलेच आहे, तेव्हा जोडून वाच. तमिळमध्ये क आणि ग एकच, म्हणून पुढे जिथे जिथे ‘कांडूळ’ दिसेल तिथे काय समजायचे ते तू समजशीलच. फोनवर सांगता येत नाही, तुझे अप्पा फोन मोठा करून शेजारी बसतात.

राजकन्ये, मी एक लबाडी केली आहे. तुझ्या सासूबाईंनी कांडुळांना सांबार सांगितले. अप्पांनी बिनचिंचेचे, बिनमिठाचे करायला लावले. मी हो म्हटले, पण माझा हात ऐकेना. विहिणीच्या घरून आलेले, त्यांच्या पुढे मी असले पांचट पाणी ठेवू? उद्या तिला कळले तर म्हणेल, तंजावूरच्या बाईला सांबार येत नाही. म्हणून मी रोज अस्के घातले, काही म्हणून सोडले नाही. चिंच, मिरची, हिंग, वर तेलाची फोडणी. अप्पा वासाने ओळखतील म्हणून मी वाटीवर झाकण घालून देत होते. सकाळी त्यांचे नाक चोंदलेले असते, ते एक बरे; रंगाचे विचारले तर हळद म्हणते.

चौथ्या दिवशी पहाटे दारात कोलमची रांगोळी काढायला उठले तर मागच्या भिंतीवर कांडुळे. तुला ठाऊक आहे, पाल दिसली तर मी शेजारी जाऊन बसते. पण त्या क्षणी मनात एवढेच आले की ही मेली तर माझी पोर येत नाही. मी हातांनी उचलली, नंदिते. एकेक करून. पाण्यात हलकेच धुतली आणि पोंगलचे जुने मातीचे मडके होते त्यात ओला कागद, केळ्याची साल, कॉफीचा चोथा घालून ठेवली. कढीलिंबाच्या झाडाखाली, कपडे धुवायच्या दगडाआड. तिथे ती शहाण्यासारखी राहिली.

आता अप्पांनी टब उघडला तर दिसायला नकोत? म्हणून रोज पहाटे टबातली थकलेली काढते, धुते, मडक्यात विश्रांतीला ठेवते आणि मडक्यातली ताजी टबात सोडते. गिरणीतल्यासारख्या पाळ्या लावल्या आहेत. अप्पा सकाळी बघून म्हणतात, काय चकाकी आली आहे!

मडक्यात आता बारकी, दोऱ्यासारखी पिल्लेही दिसतात. पण मी दमले. तू आडून आडून सासूबाईंना विचारशील का, नागपूरची कांडुळे खरेच सांबार खातात का?

बाळ हलते का? पाय सुजले तर मीठ कमी कर. तुझ्या खोलीचा पंखा दुरुस्त करून घेतला.

तुझी,
अम्मा

*

नागपूर,
४ सप्टेंबर २०२५

ती. अप्पा आणि ती. अम्मा यांस,
शि. सा. न. वि. वि.

अम्मा, तुझे पत्र न्हाणीघरात बसून वाचले आणि तोंडात पदर कोंबून हसले. बाळाने तीन लाथा मारल्या. तुझी लबाडी मी अप्पांना सांगते आहे, त्याला इलाज नाही.

अप्पा, नागपूरला सांबार म्हणजे कोथिंबीर.

नुसती कोथिंबीर. हिरवी, जुडीने मिळते ती. सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीची वडी, तिच्याबरोबर काही येणार नव्हतेच. सासूबाईंनी उरलेल्या, पिवळ्या पडलेल्या कोथिंबिरीच्या काड्या घालायला सांगितल्या होत्या. तुम्ही महिनाभर त्यांच्या गांडुळांना चिंचेत आंघोळ घालता आहात.

तुम्हाला हसायचा मला अधिकार नाही. लग्नानंतर चौथ्या दिवशी सासूबाई मला सांबार निवडून ठेवायला सांगून बाहेर गेल्या. मला वाटले, इथली रीत असेल. मी आधी सांबार केले, मग बसून त्यातली शेवग्याची शेंग, कांदा, कढीलिंबाची पाने अशी एकेक निवडून वेगवेगळ्या वाट्यांत ठेवली. त्या आल्या, त्यांनी वाट्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिले, आणि देवापाशी जाऊन दिवा लावला. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याने सांबार म्हणून कोथिंबिरीची जुडी हातात दिली तेव्हा उलगडा झाला. मी हे कोणालाच सांगितले नाही, तुम्हालाही नाही. तमिळ मुलखात आपण मराठी म्हणून वेगळे, आणि इथे मराठी मुलखात येऊन मला मराठीच कळत नाही, हे तुम्हाला कसे सांगायचे? त्या रात्री मला फार एकटे वाटले होते.

सासूबाईंना मी अजून काही सांगितलेले नाही. ते तुम्ही लिहा, अप्पा, जसे झाले तसे. पुन्हा होय, सर्व क्षेम, असे लिहिलेत तर मी रागावेन. मला घरी यायचे आहे. पण ते खोट्यावर नको.

तुमची,
नंदिता

*

तंजावूर,
९ सप्टेंबर २०२५

श्रीमती कुमुदताई विहीणबाई यांसी,
सा. न. वि. वि.

आपण घेतलेल्या परीक्षेत मी नापास झालो आहे. ते मुलीच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या हातून कळावे म्हणून लिहितो.

आपण सांबार लिहिलेत. मी तो सांबार समजलो जो आम्ही भातावर घेतो, आणि तीस जुलैपासून रोज एक वाटी टबात घातला. कोथिंबीर, हे मला परवा कळले. मला पहिल्याच दिवशी शंका आली होती. चार ओळींत दोन उलट आज्ञा कोणी जाणता माणूस देणार नाही, हे माझ्यासारख्या मोजणीवाल्याला कळायला हवे होते. गांडुळे भिंतीवर चढून मला सांगत होती. गल्ली सांगत होती. मी विचारले नाही, कारण आपण रागवाल आणि नंदिताला पाठवणार नाही अशी धास्ती होती. मी मुलीसाठी होय म्हणत गेलो, आणि तिच्याच नावाने आलेल्या जिवांना त्रास दिला.

तरी ती जिवंत आहेत. त्यात माझा काही हात नाही. मंगलेने, जी पाल पाहून पळते तिने, रोज पहाटे ती हातांनी उचलून, धुऊन, पोंगलच्या जुन्या मडक्यात ठेवून वाचवली. आज आम्ही दोघांनी मिळून मोजली: एकशे एकाहत्तर मोठी. पिल्ले मोजता येत नाहीत, ती एका जागी थांबत नाहीत.

आपण विचारले होते की या घरात न बोलणाऱ्याचे दुःख ओळखले जाईल का. माझ्याकडून नाही ओळखले गेले. तिच्या आईकडून ओळखले गेले. एवढे लक्षात घेऊन आपण ठरवावे. आपण नको म्हटलेत तर मला वाईट वाटेल, फार वाटेल, हेही लिहून ठेवतो.

कृपा असावी. नसली तरी पत्र असावे.

आपला,
रघुराम राव

*

नागपूर,
१४ सप्टेंबर २०२५

श्री. रघुरामराव यांस,
सा. न. वि. वि.

आधी कामाचे. टबातला आंबलेला थर खरवडून काढा, त्यात कोरडा कागद आणि काथ्या घाला, आणि आठ दिवस टबाला उपास घाला. गांडुळे मंगलाताईंच्या मडक्यातच राहू देत. पोंगलच्या मडक्यात पिल्ले होतात हे मला छत्तीस वर्षांत कोणी शिकवले नाही, मीच आता माझ्या गच्चीवर तसे मडके ठेवणार आहे.

आता दुसरे. तुमचे पत्र मी तीनदा वाचले. त्यात तुम्ही ‘नाही ओळखले’ असे लिहिले आहे. तुमच्या हातचा हा पहिला ‘नाही’, रघुरामराव. मी दीड वर्ष त्याची वाट पाहत होते. मंगलाताई पास झाल्या आणि तुम्हीही पास झालात.

आणि मी नापास. तुमचे पत्र वाचले आणि मला त्या वाट्या आठवल्या. एकीत शेंगा, एकीत कांदे, एकीत कढीलिंब, आणि समोर बसलेली नवी सून, आणि दुसऱ्या दिवशी तिचे लाल डोळे. मला वाटले होते की मुलगी डोक्याने जरा मंद आहे, देवा सांभाळ, म्हणून मी दिवा लावला. विचारले नाही. गांडुळांना काय हवे ते ओळखावे म्हणून तुम्हाला पाठ देणारी मी, माझ्याच स्वयंपाकघरातले मला ओळखता आले नाही. काल तिला जवळ बसवले आणि त्या वाट्यांचे विचारले. ती आधी हसली, मग रडली, आणि मग मीही.

वीस तारखेला तिला घेऊन मी स्वतः येते. बाळंतिणीला काय द्यायचे याची यादी केली आहे. प्रत्येक नावापुढे त्या पदार्थाचे चित्र काढले आहे. तरी शंका आली तर विचारा, दिवसातून चारदा विचारा, मी रागावणार नाही, रागावले तर पुन्हा विचारा.

मंगलाताईंना सांगा की पहिल्या दिवशी माझ्या पानात सांबार वाढा. चिंच, मिरची, मीठ, हिंग, वर तेलाची फोडणी, सगळे घातलेला. गांडुळे ज्याला भिऊन भिंतीवर चढली, तोच हवा.

आणि लोभ. तोही रोज थोडा घालत जा. शिळा झाला तरी चालतो.

आपली,
कुमुद